कटलरी : चमचे की टिकल्या? बडोदेकरांनी निवाडा करावा

नीरजा७
नणंदेचं लग्न मार्गशीर्षात आहे. केटरर मुंबईचा, सासऱ्यांच्या मित्राने सुचवलेला. काल त्याचं दरपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. शेवटची ओळ : 'कटलरीचे पैसे वेगळे.'

सासूबाई भडकल्या. "त्याला कोणी सांगितलं कटलरी आणायला? कटलरी आपण आपली आणलीये मंगळ बाजारातून, गणपतीच्या आधीच."

मला प्रश्न पडला, चारशे पानांची कटलरी या घरात ठेवली तरी कुठे? म्हणून विचारलं, "किती माणसांची आणलीत?"

"माणसांची कशाला? नवरीची आणि करवल्यांची!"

मग माळ्यावरून पिशवी खाली आली. टिकल्यांची पाकिटं, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, अंबाड्याच्या जाळ्या, मॅचिंग बांगड्या, साडीचे फॉल, नेलपॉलिश, हुक, रिबिनी, एक छोटी कात्री, एक नेलकटर. चमचा एकही नाही.

मी ठाण्यात वाढले. आमच्याकडे कटलरी म्हणजे काटे-चमचे. सासूबाई पक्क्या बडोद्याच्या, रावपुऱ्यात माहेर आणि दांडिया बाजारात सासर. त्यांचं म्हणणं, "काटे-चमच्यांना काटे-चमचे म्हणावं, त्याला इंग्रजी शब्द कशाला पाहिजे?" तर मंडळी, हा अर्थ फक्त बडोद्यातला की आणखीही कुठे आहे? आला कुठून? आणि बरोबर कोण? पैज सेव-उसळीची आहे, म्हणून जरा विचार करून लिहा.

लीलोचेवडो
"नवरीची आणि करवल्यांची!" हसून हसून पुरेवाट. सासूबाईंना माझा साष्टांग सांगा.

जुना_बडोदेकर
सासूबाई बरोबर. धागा बंद करा. :)

तरी लिहितोच. गुजरातभर हाच अर्थ आहे, एकट्या बडोद्याचा नाही. लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे चालत जा आणि दुकानांच्या पाट्या वाचा. कटलरी, इमिटेशन, होझियरी हे तीन शब्द एकमेकांचा हात धरूनच येतात. आमच्या लहानपणी पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, कटलरीवाला यायचा. लारीवर, म्हणजे हातगाडीवर, काचेच्या झाकणाच्या पेट्या, आतमध्ये कप्पे कप्पे. आई, काकू, समोरच्या बेन, सगळ्या ओट्यावर गोळा. मराठी बायका टिकल्या मागायच्या, गुजराती बायका चांदला. आमचे आकडे, त्यांचे बक्कल आणि बोरियां. पेटी तीच. भाषेमुळे कोणाचं काही अडलेलं मला आठवत नाही, भाव करताना मात्र दोन्ही बाजू एक व्हायच्या.

चमचे घ्यायचे तर भांड्यांच्या दुकानात. तिथे जाऊन कटलरी मागितली असती, तर त्याने सरळ पुढच्या गल्लीकडे बोट दाखवलं असतं.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून लिहितो. कटलरी म्हणजे काटे, चमचे, सुऱ्या. कोणताही इंग्रजी शब्दकोश उघडा. हजार दुकानांवर चुकीची पाटी लागली म्हणून ती बरोबर होत नाही. टिकलीला कटलरी म्हणायचं तर उद्या साबणाला फर्निचर म्हणा.

मी बडोद्याला बदलीवर आलो तेव्हा ऑफिसच्या पॅन्ट्रीसाठी कटलरी आणायला शिपायाला पाठवलं. तो रबरबँड, पिना आणि आरसा घेऊन आला. आरसा!

लीलोचेवडो
आरसा बरा होता की. ऑफिसात कोणी तरी त्यात बघितलंही असेल.

मिरजेची_माहेरवाशीण
@कोथरूडकर, तुमचा महाराष्ट्र कोथरूडच्या डेपोला संपतो का? आमच्या मिरज-सांगलीकडे जत्रा म्हटली की पेपरात बातमी ठरलेली : 'यात्रेत मेवामिठाई, खेळणी व कटलरीची दुकाने थाटली आहेत.' आता मला सांगा, ग्रामदैवताच्या जत्रेत काटे-चमच्यांची दुकानं लागतात का? बांगड्या, माळा, फुगे, पिपाण्या, कंगवे यालाच कटलरी म्हणतात. कोल्हापूर, सातारा, कोकण, सगळीकडे हेच ऐकलंय. त्यामुळे नीरजा, हे बडोद्याचं खूळ नाही, निम्म्या महाराष्ट्राचं आहे. ठाणे-पुणे-मुंबईच्या हॉटेलात जाणाऱ्यांनी मधल्या मध्ये अर्थ बदलला.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
पुण्यात त्या सामानाला आम्ही तुळशीबाग म्हणतो. निराळा शब्द लागतच नाही.

मिरजेची_माहेरवाशीण
बरं झालं, टिकलीला जागेचं नाव चालतं, पण सुरीवरून आलेलं नाव चालत नाही.

भिया_इंदौरवाले
हमारे इधर... माफ करा, आमच्याकडे इंदूरला पाटीवर 'मनिहारी' लिहितात. मनिहार म्हणजे मणी, काचेच्या बांगड्या विकणारा. सामान तेच, हुबेहूब. आमची आजी म्हणायची, "जरा मनिहारीवाल्याकडे जाऊन ये, बटणं आण." बंगालमधल्या माझ्या मित्राकडेही मनिहारी दोकान असतं, पण त्यात वह्या, पेनं, बिस्किटंही असतात. म्हणजे एकच शब्द कोलकात्याला पोचेपर्यंत त्याच्या पोटात बिस्किटं गेली. नावावर जाऊ नका, भिया.

लीलोचेवडो
मराठीत त्यालाच मणेर, मण्यार म्हणायचे ना? मला मण्यार म्हटलं की फक्त साप आठवतो.

भिया_इंदौरवाले
दोघांपासून खिशाला धोकाच.

तंजावरी_सांबार
दक्षिणेत फॅन्सी स्टोअर. चेन्नईत सेफ्टी पिन पाहिजे तर फॅन्सी स्टोअर शोधायचं. मी पहिल्यांदा पाटी बघितली तेव्हा वाटलं, काहीतरी महागडं असणार, आतच गेले नाही.

मास्तर_निवृत्त
विषय माझ्या आवडीचा निघाला, त्यामुळे थोडं लांबेल. कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

पहिली गोष्ट, कटलरीतला 'कट' म्हणजे कापणे नव्हे. लॅटिनमध्ये कल्टर म्हणजे पातं. त्याचं लहान रूप कल्टेलस, छोटी सुरी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये कुतेल, सुऱ्या करणारा तो कुतेलिए, आणि त्याचा धंदा म्हणजे कुतेलरी. तो शब्द इंग्रजांनी घेतला आणि आपल्या तोंडाला बसेल असा केला. इंग्रजीतला 'कट' हा शब्द या घराण्यातला नाही. त्याच कल्टरवरून इंग्रजीत नांगराच्या पुढच्या पात्याला कोल्टर म्हणतात. म्हणजे कटलरी नात्याने नांगराला जवळची.

आणि हो, कटलेटसुद्धा कापण्यावरून नाही. फ्रेंचमध्ये कोत म्हणजे बरगडी, तिचं लहान रूप कोतलेत. बटाट्याच्या कटलेटला बरगडी कुठून येणार ते मला विचारू नका.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. कोथरूडकर शब्दकोश उघडायला सांगतात, तर जुना उघडा. कटलर म्हणजे पात्याचं काम करणारा कारागीर. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, बोरूला टोक करायचे लहान चाकू, हा त्याचा माल. इंग्लंडात शेफिल्ड हे त्याचं गाव. तिथल्या कारागिरांची संघटना १६२४ साली कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्यात कोणाचा कारभार तिच्याकडे दिला होता? सुऱ्या, विळे, मोठ्या-लहान कात्र्या आणि इतर कटलरी करणाऱ्यांचा. विळे होते, कात्र्या होत्या. काटा-चमचा नव्हता.

काटा तर इंग्रजांच्या ताटाशेजारी उशिराच आला. कोरियट नावाच्या प्रवाशाने इटलीत लोकांना काट्याने खाताना पाहिलं आणि १६११ मध्ये ते नवल म्हणून लिहिलं. त्याच्या लोकांनी त्याची चेष्टा केली म्हणे. तोपर्यंत बोटं आणि सुरी, आपल्यासारखंच, फक्त सुरी जास्त.

चिमुताई
म्हणजे मास्तर, चमच्याला कटलरी म्हणणं ही नंतरची सवय?

मास्तर_निवृत्त
हो. टेबलावर सुरीच्या शेजारी काटा आणि चमचा बसले, आणि सुरीचं नाव तिघांना मिळालं. अमेरिकेत आजही बरेच लोक धारदार सुऱ्यांनाच कटलरी म्हणतात, जेवणाच्या काट्या-चमच्यांना सिल्व्हरवेअर. मग ते चांदीचे असोत की स्टीलचे. इंग्रज आणि अमेरिकन यांचंच जिथे जमत नाही, तिथे नीरजाच्या सासूबाईंनी का माघार घ्यावी?

चिमुताई
मला एवढंच विचारायचंय, चमच्याने काय कापतात?

लीलोचेवडो
श्रीखंड. आमच्याकडे फ्रीजमधून काढल्यावर कापावंच लागतं.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
मास्तरांनी माझीच बाजू मांडली. कटलरीचा अर्थ पातं. टिकलीला पातं कुठे आहे? मी काटा-चमचा सोडला, पण सुरी सोडणार नाही.

वीणा_मांजलपूर
मला तर दोन्ही फावतं. घरी कटलरी म्हणजे पिना-टिकल्या, हॉटेलात कटलरी म्हणजे चमचे. वेटरला कोणी टिकली मागतं का? जागा बदलली की अर्थ बदलतो, एवढं तर माझी दुसरीतली मुलगीपण समजते. तिला शाळेने क्राफ्टसाठी 'कटलरी आयटेम' आणायला सांगितलं तर तिने बरोबर मणी आणि लेस नेली.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
शाळेनेसुद्धा! संपलं.

खाकी_फाईल
मी कर सल्लागार होतो, आता नातवंडं सांभाळतो. शब्दकोशाचं मास्तरांनी सांगितलं, मी सरकारचं सांगतो.

जगभर मालाचं वर्गीकरण एका ठरलेल्या पद्धतीने होतं. आपलं सीमाशुल्क त्यावर चालतं आणि २०१७ पासून जीएसटीसुद्धा. बिलावर जो एचएसएन आकडा असतो तो हाच. त्यात ८२ वा अध्याय आहे. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ : हलक्या प्रतीच्या धातूंची हत्यारं, अवजारं, कटलरी, चमचे आणि काटे. पुन्हा वाचा. कटलरी, चमचे आणि काटे. म्हणजे कायद्याने चमचे-काटे कटलरीच्या बाहेर, वेगळे मोजले आहेत.

आत गेलं तर आणखी मजा आहे. ८२११ सुऱ्या. ८२१२ वस्तरे आणि ब्लेड. ८२१३ कात्र्या. ८२१४ 'कटलरीच्या इतर वस्तू', आणि त्यात केस कापायची मशीन आणि नखांची सगळी हत्यारं, कानशीसुद्धा. ८२१५ ला येतात चमचे, काटे, पळ्या. नीरजा, सासूबाईंच्या पिशवीत कात्री आणि नेलकटर आहे असं तू लिहिलंयस. कायद्याप्रमाणे त्या पिशवीत दोन वस्तू तरी अस्सल कटलरी आहेत. केटररच्या काट्या-चमच्यांत एकही नाही.

लीलोचेवडो
काका, दंडवत. नेलकटरने सामना फिरवला.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
आणि टिकली? तिचं काय?

खाकी_फाईल
टिकली, कुंकू, सिंदूर सौंदर्यप्रसाधनांच्या ३३०४ मध्ये, आणि कर शून्य. काचेच्या बांगड्यांवरही शून्य. बटणं ९६०६, चेन म्हणजे झिप ९६०७, कंगवे आणि केसांचे आकडे ९६१५, सेफ्टी पिना सुयांच्या शेजारी ७३१९. माझ्या एका अशिलाचं असंच दुकान होतं. जुन्या बिलांवर सरळ 'कटलरी सामान' एवढंच लिहून मोकळा. जीएसटी आल्यावर त्याच्या एका फुटाच्या पेटीत निरनिराळे अध्याय निघाले. तो मला म्हणाला, "साहेब, आमच्या बापाने एका शब्दात धंदा केला, तुम्ही त्याचं पुस्तक केलंत."

जुना_बडोदेकर
खाकी फाईल यांनी नेलकटरचं लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट जुळली. इंग्रजांच्या काळातले आयातीचे तक्ते बघितले तर त्यांत 'हार्डवेअर आणि कटलरी' असा एकत्र रकाना असतो. मुंबई बंदरात विलायती माल उतरायचा : वस्तरे, कात्र्या, खिशातले चाकू. तो घेणारा व्यापारी स्वतःला कटलरी मर्चंट म्हणवणार, त्यात चूक काही नाही. आता कात्री घ्यायला येणारा कोण? शिंपी, शिवणकाम करणारी बाई. तिला सुई लागते, रीळ लागतं, बटण लागतं, हुक लागतो. वस्तरा घेणाऱ्याला कंगवा आणि आरसा लागतो. माझा अंदाज, दुकानदाराने गिऱ्हाईक बघून माल वाढवला आणि पाटी तीच ठेवली. पाटी रंगवायला पैसे पडतात!

पुढे चाकू-कात्र्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेल्या, आणि मागे राहिलं ते नाव.

@कोथरूडकर, तुमच्या शिपायाने आरसा का आणला ते आता कळलं असेल.

मिरजेची_माहेरवाशीण
हे पटलं. पुण्यातली बोहरी आळी आठवा. बोहरी व्यापाऱ्यांच्या दुकानांत लोखंडी सामान, पत्र्याचं सामान, रंग, दोऱ्या, काय वाट्टेल ते एका छपराखाली. तिथे हार्डवेअर आणि कटलरीची सोयरीक आजही दिसते. बडोद्यातही बोहरी वस्ती जुनी आहे ना?

जुना_बडोदेकर
हो तर. लोखंडाचा आणि किरकोळ सामानाचा धंदा आमच्याकडेही त्यांनीच वर्षानुवर्षं केला. उधारी कमी, बोलणं गोड.

कच्छी_दाबेली_मराठी_माणूस
गांधीधामहून सलाम. अस्सल कटलरी बघायची असेल तर कच्छात या. अंजारच्या सूड्या आणि चप्पू लांब लांब जातात. सूडी म्हणजे आपला अडकित्ता, चप्पू म्हणजे चाकू. पितळी मुठीची, घुंगरू लावलेली सूडीसुद्धा मिळते, सुपारी फोडताना आवाज येतो. भुजजवळच्या रेहा गावातही चाकू करणारे कारागीर आहेत. आणि गंमत बघा, त्या सूडी-चप्पूच्या दुकानावर कोणी कटलरी लिहीत नाही. तिथे 'सूडी-चप्पू' असंच लिहितात. कटलरी शोधायला गेलात तर अंजारमध्येही टिकल्याच मिळतील.

मास्तर_निवृत्त
व्वा! पात्याच्या गावातही पात्याचं नाव टिकलीला. याहून पक्का पुरावा नको.

चिमुताई
मग या सगळ्या सामानाला खरा इंग्रजी शब्द कोणता?

मास्तर_निवृत्त
इंग्लंडात हॅबरडॅशरी. सुया, दोरे, बटणं, रिबिनी. पण अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ पुरुषांच्या कपड्यांचं दुकान, शर्ट, टाय, हॅट. हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या खूप आधी कॅन्सस सिटीत असं दुकान भागीदारीत चालवत होते. १९१९ ला उघडलं, १९२२ ला बुडालं. आणि बटण-सुईला अमेरिकन म्हणतात नोशन्स.

तेव्हा सासूबाईंना सांगा, लंडनमध्ये हॅबरडॅशरी मागितली तर बटण मिळेल आणि कॅन्सस सिटीत टाय. मंगळ बाजारात कटलरी मागितली तर निदान काय मिळणार हे पक्कं असतं.

लीलोचेवडो
हॅबरडॅशरी. हे नाव घेत घेत लारी पोळातून गेली असती तर कुत्री मागे लागली असती.

वीणा_मांजलपूर
अवांतर : होझियरीचंपण सांगा ने. आमच्याकडे होझियरी म्हणजे बनियन, चड्ड्या. माझी नणंद लंडनला असते, ती म्हणते तिकडे होझियरी म्हणजे फक्त मोजे.

मास्तर_निवृत्त
नणंद बरोबर. होज म्हणजे जुन्या काळी पायांना घट्ट बसणारं वस्त्र. त्यावरून होझियरी, पायमोजे. मोजे विणायच्या मशीनवर बनियनही विणता येतं, आणि आपल्या हवेत मोज्यापेक्षा बनियन जास्त खपतं.

खाकी_फाईल
स्टेशनरीचंही सांगून टाका, मास्तर.

मास्तर_निवृत्त
ठाण मांडून बसलेला विक्रेता तो स्टेशनर. बाकीचे फेरीवाले फिरायचे, हा विद्यापीठाच्या आसपास एका जागी बसून पुस्तकं विकायचा. आणि ग्रोसर म्हणजे ग्रोसमध्ये, घाऊक माल घेणारा-विकणारा. आज तोच पाव किलो साखर देतो. एकूण काय, दुकानदारीचे शब्द असेच घसरतात. थांबतो आता.

संपादक
मंडळी, धागा कटलरीवर आहे. होझियरीसाठी वेगळा धागा काढावा. (आणि त्यात फोटो टाकू नयेत.)

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
सगळं वाचलं. तरी एक तक्रार उरतेच. अर्थ बदलला, ठीक. पण मराठीत शब्द असताना इंग्रजी का? कासार होता, मणेर होता.

जुना_बडोदेकर
कासाराकडे फक्त बांगड्या. मणेराकडे मणी-काच. जाळी, झिप, नेलपॉलिश, इलास्टिक हे सगळं एका पेटीत आलं तेव्हा जुन्या नावांत ते मावलं नसणार. इंग्रजी शब्द रिकामाच मिळाला, चेपून भरला.

बडोद्यात शब्दांची काळजी कोणी घेतली नाही असं मात्र नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी आठ भाषांतले प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' करून घेतला, १९३१ साली. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी. कचेरीतल्या कारकुनाची सोय झाली. मंगळ बाजारातल्या बाईने आपली सोय आपण केली.

कोथरूडकर_सध्या_अलकापुरी
हे वाक्य आवडलं. पण सुरी सोडत नाही.

भिया_इंदौरवाले
सोडू नका भिया, पोहे खाताना उपयोगी पडेल.

नीरजा७
किती लिहिलंत! रात्री जेवताना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई खाकी फाईल काकांच्या प्रतिसादावर दोनदा थांबल्या, 'चमचे वेगळे मोजलेत' हे पुन्हा वाचायला लावलं. नेलकटर आता देव्हाऱ्यात ठेवायचा राहिलाय. पैजेची सेव-उसळ माझ्याकडून.

केटररला मी कळवलंय की दरपत्रकात कटलरी हा शब्द नको, काटे, चमचे, सुऱ्या आणि वाट्या किती ते आकड्यांत लिहा. त्याने लिहिलं, आणि त्यात असं दिसलं की आइस्क्रीमचे चमचे त्याने मुळात धरलेच नव्हते. चारशे पानांना! शब्द तसाच ठेवला असता तर लग्नात कळलं असतं.

खाकी_फाईल
शाब्बास. कोणत्याही दरपत्रकात मोघम शब्द दिसला की आकडा मागावा. 'सजावट', 'इतर', 'किरकोळ' हेही बघून घे.

नीरजा७
'किरकोळ' आहे, काका. मोठी रक्कम आहे त्यापुढे.

खाकी_फाईल
मग आज रात्री फोन कर. उद्यावर टाकू नकोस.

वीणा_मांजलपूर
नीरजा, पिशवीत मुंडावळ्या नाहीत का? यादीत दिसल्या नाहीत. इकडच्या कटलरीवाल्यांकडे मिळतात पण मला त्यांचे मोती कधी आवडले नाहीत, लगेच पिवळे पडतात.

नीरजा७
अग हो! मुंडावळ्या राहिल्याच. दांडिया बाजारात बघितल्या, खूप जड आहेत. नवरा मुलगा चष्मा लावतो, त्यावर आपटतील.

मिरजेची_माहेरवाशीण
मी पुढच्या आठवड्यात दादरला जातेय. मोत्याच्या, बारीक सरीच्या, दोन जोड्या आणते. भाऊ कुरियरने पाठवेल. चष्म्याची फ्रेम जाड आहे की बारीक ते सांग, त्याप्रमाणे लांबी बघते.

नीरजा७
जाड, काळी. व्यक्तिगत निरोप करते पत्त्यासाठी.